जिथे फेकायला ‘बाहेर’च नाही

‘कचरा बाहेर टाकून ये’ हे वाक्य आपल्या घरांतून रोज एकदा तरी उच्चारले जाते. त्यातल्या ‘बाहेर’ या शब्दाचा अर्थ काय, याचा विचार मात्र आपण सहसा करीत नाही. घराबाहेर म्हणजे जिन्याखालचा डबा, डब्याबाहेर म्हणजे घंटागाडी, गाडीच्या पुढे म्हणजे शहराच्या वेशीवरचा कुठला तरी डेपो. त्या डेपोच्या पलीकडे काय आहे ते आपल्याला ठाऊक नसते आणि ठाऊक करून घ्यायची गरजही वाटत नाही. मुंबई-पुण्यासारख्या शहरांना आजवर हे परवडले, कारण त्यांच्याभोवती दुसऱ्या कुणाची तरी जमीन होती. पण ज्या देशाला वेसच नाही, ज्याच्या रस्त्याच्या एका अंगाला खाजण आणि दुसऱ्या अंगाला महासागर आहे, त्याने ‘बाहेर’ शोधायचे कुठे?

प्रशांत महासागरातील छोट्या बेटांपुढे हा प्रश्न गेली काही दशके उभा आहे. तिथे त्याची जी उत्तरे शोधली गेली, त्यांविषयी मी मिळेल ते वाचत आलो आहे. सुरुवातीचे कुतूहल भूगोलाचे होते. पुढे लक्षात आले, की ‘लोकसहभाग’ हा शब्द तिथेही आपल्याइतकाच सढळ हाताने वापरला जातो. प्रत्येक योजनेत तो असतो, प्रत्येक भाषणात असतो. मात्र काही ठिकाणी तो प्रत्यक्षात उतरला, काही ठिकाणी फलकावरच राहिला. असे का झाले, हे बेटांवर स्पष्ट दिसते. कारण तिथे सगळे लहान आहे, मोजता येण्यासारखे आहे आणि लपवायला जागा नाही.

उसने घेतलेले खड्डे

तुवालू या देशापासून सुरुवात करू. नऊ बेटांचा हा देश, लोकसंख्या दहा-अकरा हजार, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाएवढी. त्यातली निम्म्याहून अधिक माणसे फुनाफुती या राजधानीच्या कंकणद्वीपावर राहतात. कंकणद्वीप म्हणजे प्रवाळांनी बांगडीच्या आकारात बांधलेली सखल जमीन. मधोमध खाजणाचे शांत पाणी, बाहेर उघडा समुद्र. त्या बांगडीवरचे फोंगाफाले हे मुख्य बेट अरुंद जागी वीस मीटर, तर रुंद जागी सुमारे चारशे मीटर आहे. इथे डोंगर नाही, नदी नाही. पावसाचे पाणी जमिनीत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा एक पातळ थर तरंगत राहतो. वर जे टाकावे ते आज ना उद्या त्या थरात उतरते.

पूर्वी याची काळजी करण्याचे कारण नव्हते. नारळाच्या करवंट्या, माशांचे काटे, पाने, चटयांचे तुकडे हा तेव्हाचा कचरा. काही डुकरे खात, काही मातीत जाई. शेजारच्या किरिबाती देशात अळूच्या कुळातला ‘बाबाई’ नावाचा मोठा कंद जमिनीत खोल खड्डे करून लावतात आणि त्याला पानापाचोळ्याचे खत घालतात. म्हणजे कचऱ्याचे खत करण्याची विद्या या लोकांना कुणी बाहेरून येऊन शिकवायची होती असे मुळीच नाही. बदलला तो कचरा. तांदळाची पोती, डबाबंद मासे, नूडल्स, बिअर आणि थंड पेये, बाळांचे डायपर, मोटारींच्या बॅटऱ्या हे सारे जहाजातून येऊ लागले. जहाज भरून येते आणि बव्हंशी रिकामे परत जाते. आलेल्या मालातले खाण्यापिण्याचे तेवढे संपते, आवरण बेटावर राहते.

फुनाफुतीच्या कचऱ्याला तर इतिहासाने जागाही करून ठेवली होती. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, अमेरिकी सैन्याने तिथे धावपट्टी बांधली. भरावासाठी बेटाचेच प्रवाळ आणि माती खणून काढली. युद्ध संपले, सैन्य गेले, खड्डे राहिले. भरावासाठी खणलेल्या अशा खड्ड्यांना इंग्रजीत जे नाव आहे, त्याचा शब्दशः अर्थ ‘उसने घेतलेले खड्डे’ असा होतो. हे उसने पुढची सत्तर वर्षे कुणी फेडले नाही. खड्ड्यांत मचूळ पाणी साठले, कचरा साठला आणि जागेच्या टंचाईमुळे त्यांच्या काठाने कुटुंबे वसली. शेवटी न्यूझीलंडच्या मदतीने खाजणातली वाळू उपसून २०१५ साली ते बुजवण्यात आले. ज्याने खणले तो एक, ज्याने बुजवले तो दुसरा आणि मधल्या काळात त्या काठावर मुले वाढवली ती तिसऱ्यांनी. या बेटांवरच्या कचऱ्याची कथा थोड्याफार फरकाने अशीच आहे.

पाच सेंट भरा, चार परत घ्या

बाहेरच्या मदतकर्त्यांनी प्रयत्न केले नाहीत असे नाही. कधी यंत्रे आली, कधी तज्ज्ञ आले, कधी भित्तिपत्रके आली. यंत्र सुटा भाग मिळेपर्यंत बंद राहते, तज्ज्ञ प्रकल्पाची मुदत संपली की परततात आणि भित्तिपत्रकांचा शेवटी कचराच होतो. किनारा-सफाईचे दिवस साजरे होतात. त्या दिवशी किनारा स्वच्छ होतो आणि पुढच्या जहाजापर्यंत स्वच्छ राहतो. हा अनुभव आपल्यालाही नवा नाही. हातात झाडू घेतलेल्या पाहुण्यांची छायाचित्रे आपण आपल्या वृत्तपत्रांतही पाहत असतो.

म्हणूनच किरिबातीत झालेला एक प्रयोग मला महत्त्वाचा वाटतो. या देशाचा उच्चार तिथले लोक ‘किरिबास’ असा करतात. त्याची राजधानी दक्षिण तारावा, पुलांनी आणि भरावांनी जोडलेल्या अरुंद बेटांची एक माळ. २०२०च्या जनगणनेत या माळेवर साठ हजारांहून अधिक माणसे मोजली गेली. देशाची निम्मी लोकसंख्या. इथे २००४ साली एक कायदा झाला आणि त्यातून ‘काओकी मांगे’ ही योजना उभी राहिली. नावाचा अर्थ सरळ आहे : कचरा परत करा.

तिची रचना कुणाही गृहिणीला पटकन कळेल अशी आहे. पेयाचा डबा किंवा प्लास्टिकची बाटली देशात आली, की आयात करणारा व्यापारी बंदरातच प्रत्येक नगामागे पाच सेंट भरतो. हे पैसे सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत न जाता वेगळ्या निधीत जातात. व्यापारी ते किमतीत धरतो, गिऱ्हाईक दुकानात देतो. रिकामा डबा संकलन केंद्रावर नेऊन दिला, की चार सेंट परत मिळतात. उरलेला एक सेंट डबे मोजणाऱ्या, दाबून गठ्ठे करणाऱ्या आणि जहाजावर चढवणाऱ्या यंत्रणेच्या खर्चाला जातो. मोटारीच्या बॅटरीवर तर पाच डॉलरची अनामत आहे, कारण तिच्यातले शिसे आणि आम्ल त्या पातळ पाण्याच्या थराला सर्वांत घातक. गठ्ठे पुढे परदेशी भट्ट्यांकडे रवाना होतात.

पूर्वी आपल्याकडे थंड पेयाची काचेची बाटली घरी आणायची तर दुकानदार अनामत ठेवून घेत असे आणि ती परत करून आलेल्या पैशांवर घरातल्या धाकट्याचा हक्क असे. तारावात झाले ते याहून फारसे वेगळे नाही. फरक इतकाच, की आपल्याकडे ती सोय बाटली महाग होती म्हणून होती. तिथे ती जमीन महाग आहे म्हणून आहे.

या योजनेत डबा कुणी प्यायला आणि कुणी उचलला, याला महत्त्व उरत नाही. जो उचलेल त्याचे चार सेंट. उपदेश करावा लागत नाही, शपथ घ्यायला लावावी लागत नाही. रस्त्यावर पडलेली वस्तू कुणाचीच नसते तोवर ती कचरा असते. तिच्यावर चार सेंट चढले की ती कुणाची तरी होते.

याच्या जोडीला होती हिरवी पिशवी. ठरावीक हिरव्या पिशव्या दुकानात वीस सेंटना मिळत आणि कचऱ्याची गाडी त्या पिशव्या उचले. उचलण्याचा आणि टाकण्याचा खर्च पिशवीच्या किमतीतच धरलेला. यातली मेख अशी, की पिशवी विकत घ्यायची म्हटल्यावर तिच्यात काय भरायचे याचा विचार आपोआप होतो. डबे-बाटल्या पिशवीत घालणे म्हणजे चार-चार सेंट फेकणे. ओला कचरा घालणे म्हणजे वीस सेंटची पिशवी पाण्याने भरणे. मग ओल्याचे करायचे काय? त्यासाठी केळीच्या आळ्यांचा प्रसार करण्यात आला. परसात खड्डा घ्यायचा, भोवती गोल केळी लावायच्या आणि घरातला ओला कचरा, पाने, माशांचे अवशेष मधल्या खड्ड्यात टाकत राहायचे. प्रवाळाच्या निकस वाळूत केळी धरतात आणि बेटांवरच्या घरगुती कचऱ्याचा साधारण निम्मा भाग घराबाहेर पडतच नाही.

या साऱ्याची पूर्वतयारी विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. बिकेनिबेऊच्या पश्चिम भागातील एका वस्तीत आधी माणसांशी बोलणे झाले : तुमच्या घरातून काय निघते, ते कुठे जाते, कुणाला त्रास होतो. किरिबातीत गावाचा विचारविनिमय ‘मानेआबा’ या मोठ्या छपराच्या सभागृहात, वडीलधाऱ्यांच्या उपस्थितीत होतो. जे तिथे पटले नाही ते किरिबातीत फार काळ चालत नाही. आपल्या पारावरच्या बैठकीसारखेच हे.

तारावाचा किनारा त्यामुळे लखलखीत झाला असे मात्र कुणी समजू नये. गर्दी वाढली आहे, समुद्राला भिंती घालून तयार केलेल्या कचरा भरावाच्या जागा भरत आल्या आहेत. ज्या वस्तूंवर अनामत नाही, त्या किनाऱ्यावर आजही दिसतात. पण हाच तर मुद्दा आहे. डबा उचलणारा आणि शेजारची वेष्टने तशीच सोडणारा माणूस एकच असतो. त्याचे संस्कार मधल्या दोन पावलांत बदललेले नसतात.

पालाऊचा हिशेब

किरिबातीखेरीज इतरांनीही हा मार्ग धरला. पश्चिमेकडच्या पालाऊ देशाची लोकसंख्या अठरा हजारांच्या घरात. तिथे २००६ साली कायदा झाला आणि २०११ पासून प्रत्यक्ष परतावा सुरू झाला. आयातदार दहा सेंट भरतो, परत करणाऱ्याला पाच मिळतात. उरलेले पाच सेंट संकलनाचा आणि पुनर्वापराच्या कामाचा खर्च भागवतात. कोरोर या तिथल्या मुख्य शहरात टाकाऊ बाटल्यांची काच वितळवून शोभेच्या वस्तू घडवल्या जातात आणि पर्यटक त्या घेऊन जातात. काचेची बाटली जहाजाने परत पाठवणे वजनामुळे परवडत नाही. तीच काच पर्यटकाच्या सामानातून, त्याने वर पैसे मोजून, बेट सोडते. याला म्हणतात व्यवहार!

मायक्रोनेशियातील याप आणि कोसराए या राज्यांत हिशेब सहा सेंट भरा, पाच परत घ्या, असा आहे. मार्शल बेटांनीही २०१८ पासून तोच आकडा स्वीकारला. वरचा सेंट म्हणजे व्यवस्थेचे वेतन. हा एक सेंट नसेल, तर सगळी योजना कुणाच्या तरी उत्साहावर अवलंबून राहते आणि उत्साह ही गोष्ट बदली, निवडणूक आणि प्रकल्पाची मुदत यांपुढे टिकत नाही. आपल्याकडच्या अनेक चांगल्या उपक्रमांना घरघर का लागली, याचे उत्तर या एका सेंटमध्ये सापडते.

सामोआच्या बायका आणि गावपंचायत

पैसा हे एक साधन झाले. दुसरे साधन अधिकार. त्याचे उदाहरण सामोआचे. दोन लाखांच्या या देशात डोंगर आहेत, नद्या आहेत आणि मुख्य म्हणजे आपापल्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणारी गावे आहेत. तिथे १९२० च्या दशकापासून गावोगावी महिलांच्या समित्या काम करीत आल्या आहेत. ‘कोमिती तुमामा’ म्हणजे स्वच्छता समिती. बालमृत्यू आणि साथीचे रोग रोखण्यासाठी त्यांची सुरुवात झाली. समितीच्या बायका ठरलेल्या दिवशी घरोघर फिरून स्वयंपाकघर, चटया, मच्छरदाण्या, शौचकूप आणि अंगण पाहतात. ज्या घरात अव्यवस्था दिसेल त्या घराचे नाव गावात निघते, आणि छोट्या गावात नाव निघणे ही दंडाहून मोठी शिक्षा असते.

गावाची पंचायत म्हणजे ‘फोनो’. कुटुंबप्रमुखांच्या या सभेला १९९०च्या कायद्याने गावातील आरोग्य-स्वच्छतेचे नियम करण्याचा आणि मोडणाऱ्याला दंड करण्याचा अधिकार दिला. म्हणजे जुन्या रूढीला कायद्याचे हात मिळाले. दंड डुकरांच्या किंवा डबाबंद माशांच्या पेट्यांच्या रूपातही घेतला जातो. स्वच्छतेच्या गुन्ह्याबद्दल डबाबंद मासे वसूल करायचे, म्हणजे पुन्हा डबे आलेच! विनोद सोडून देऊ. सामोआत फिरणाऱ्याला प्रत्येक घरापुढे रस्त्यालगत उंच पायांची एक मांडणी दिसते. कुत्र्यांनी पिशव्या फाडू नयेत म्हणून कचरा तिच्यावर ठेवायचा. ती मांडणी म्हणजे घर आणि सरकार यांच्यातली सीमारेषा. मांडणीपर्यंतचे काम घराचे, मांडणीपासूनचे काम गाडीचे. दोघांनाही आपली हद्द ठाऊक.

गाडी पुढे राजधानी आपियाजवळच्या ताफाइगाता येथे जाते. तिथला उघडा उकिरडा जपानच्या मदतीने सुधारण्यात आला तो ‘फुकुओका पद्धती’ने. जपानमधील फुकुओका विद्यापीठ आणि तिथली नगरपालिका यांनी १९७०च्या दशकात ही पद्धत विकसित केली. तळाशी दगडांत बसवलेल्या छिद्रांच्या नळ्या घालायच्या. त्यांतून घाण पाणी बाहेर निघते आणि हवा आत शिरते. हवा खेळल्यामुळे कचरा लवकर कुजतो, मिथेन वायू कमी होतो, पाझरही कमी घातक राहतो. महागडे यंत्र नाही, वीज जवळजवळ लागत नाही आणि बिघडले तर गावातला माणूस दुरुस्त करू शकतो. बेटावर टिकतील त्या योजना याच जातीच्या.

तारावात सामोआसारखी पंचायत का चालत नाही, असे कुणी विचारील. कारण तारावा हे आता गाव राहिलेले नाही. दूरच्या बेटांवरून नोकरीसाठी, शाळेसाठी, इस्पितळासाठी आलेली कुटुंबे तिथे दुसऱ्यांच्या जमिनीवर राहतात. शेजारी अनोळखी, जागा तात्पुरती. अशा वस्तीत नाव निघण्याची भीती चालत नाही. तिथे चार सेंट चालतात. उलट सामोआच्या गावात चार सेंटवाचूनही बरेच काही चालते. एकच योजना सगळीकडे लादणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यायला हवा. खेड्यात जे लाजेने होते ते शहरात मोबदल्याने करावे लागते, आणि दोन्ही नसेल तिथे फक्त फलक लागतात.

केवड्याच्या टोपल्या आणि लंगोटांचा प्रश्न

तिसरे साधन बंदी. वानुआतू सरकारने १ जुलै २०१८ पासून प्लास्टिकच्या पातळ पिशव्या, पेय पिण्याच्या नळ्या आणि थर्माकोलचे खाद्यपदार्थांचे डबे बंद केले. मासे आणि मांस गुंडाळण्यापुरती सवलत ठेवली. महाराष्ट्रातल्या वाचकांना ही तारीख ओळखीची वाटेल, कारण आपल्याकडील प्लास्टिकबंदीची अंमलबजावणी त्याआधी आठच दिवस, २३ जून २०१८ रोजी सुरू झाली होती. पोर्ट व्हिला या वानुआतूच्या राजधानीत बाजारातल्या बायकांनी जुने हात पुन्हा कामाला लावले. नारळाच्या झावळ्या आणि पँडनस, म्हणजे आपल्या केवड्याच्या कुळातील झाडाची पाने, यांच्या टोपल्या आणि पिशव्या विणल्या जाऊ लागल्या. ज्यांच्याकडे ती कला होती त्यांना उत्पन्न मिळाले. बंदीमुळे स्थानिक हातांना काम मिळाले आणि म्हणून बंदीच्या बाजूने उभे राहणारे लोक बाजारातच तयार झाले.

आपल्या त्या वेळच्या अधिसूचनेत पाण्याच्या बाटल्यांवर परत-खरेदीची किंमत छापण्याची तरतूद होती. ती किंमत मागायला बाटली घेऊन दुकानात गेलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. बंदीचा भाग गाजला, परताव्याचा भाग कागदावर राहिला. किरिबातीसारख्या गरीब देशाला जे जमले ते आपल्याला न जमण्याचे कारण पैसा हे नसावे.

वानुआतूची पुढची पायरी मात्र अधिक बिकट होती. २०१९ साली सरकारने बाळांच्या डायपरवरही बंदी आणण्याचा मनोदय जाहीर केला. राजधानीच्या कचऱ्यात त्यांचा वाटा फार मोठा आढळला होता. जगभर कौतुक झाले. पण कौतुक करणाऱ्यांना बाळाचे लंगोट धुवायचे नव्हते. घरातल्या बाईला मात्र प्रश्न पडला : पाणी कुठून आणायचे, धुणार कोण, नोकरीवर कधी जायचे?

मला हा प्रश्न साऱ्या विषयाचा गाभा वाटतो. ‘लोकसहभाग’ म्हटले की लोक म्हणजे नेमके कोण, हे कुणी सांगत नाही. ओला-सुका वेगळा करणारी बाई, डबे वेचणारे पोर, आळ्यात खत घालणारी आजी, घरोघर फिरणारी समिती, हेच ते लोक. त्यांच्या वेळेला किंमत नाही असे गृहीत धरले की योजना कागदावर स्वस्त दिसते. प्रत्यक्षात तिचा खर्च कुणाच्या तरी पहाटेच्या झोपेतून वजा होत असतो. सहभाग मागायचा तर निर्णयातही तो द्यावा लागेल. काय बंद करायचे, कोणत्या क्रमाने करायचे, त्याऐवजी काय मिळणार, हे ठरवताना ती बाई मानेआबात बसलेली असली पाहिजे, आणि बोलत असली पाहिजे.

ज्याचा माल त्याचे ओझे

आता नाण्याची दुसरी बाजू. बेटावरचा माणूस डबा परत करील, पण डबा त्याने बनवलेला नाही. बाटलीचा आकार, वेष्टनाचे थर, परत भरण्याजोगी बाटली बाजारात ठेवायची की नाही, हे निर्णय हजारो मैलांवर होतात. गोळा केलेले गठ्ठे नेणारे जहाज परवडले नाही, तर सगळी मेहनत बंदरावरच पडून राहते. २०१८ साली बेटांच्या प्रादेशिक पर्यावरण संस्थेने, तिचे मुख्यालय आपियातच आहे, एका जहाज कंपनीशी ‘मोआना ताका’ नावाचा करार केला. त्यानुसार रिकाम्या परतणाऱ्या कंटेनरांतून पुनर्वापराचा कचरा विनामूल्य नेला जातो. जहाज रिकामे परतते हेच ज्या दुखण्याचे मूळ, त्यातूनच हा उपाय निघाला. मात्र हा सध्या कंपनीचा चांगुलपणा आहे. अनामतीसारखा तो कायद्यात बसलेला नाही.

परक्याचे ओझे किती वजनी असू शकते, हे पाहायचे तर मार्शल बेटांकडे पाहावे. १९४६ ते १९५८ या काळात अमेरिकेने तिथे ६७ अणुचाचण्या केल्या. नंतर एनेवेताक कंकणद्वीपावरच्या रुनित बेटावर, चाचणीनेच पाडलेल्या एका विवरात, किरणोत्सारी माती आणि अवशेष भरून १९८० पर्यंत वर काँक्रीटचे घुमटाकार झाकण बसवले गेले. त्या घुमटाला किती केळीची आळी पुरतील? घातक आणि किरणोत्सारी कचरा आपल्या बेटांवर येऊच नये म्हणून या देशांनी १९९५ साली पापुआ न्यू गिनीतील वाइगानी येथे एक करार केला. तो २००१ मध्ये अमलात आला. दुसऱ्यांचे खड्डे आपल्या अंगणात पुन्हा नकोत, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

प्लास्टिकच्या जागतिक करारासाठी संयुक्त राष्ट्रांनी बोलावलेल्या वाटाघाटींतही ही बेटे हेच सांगत आली. बाटली उचलणाऱ्याइतकीच जबाबदारी बाटली बनवणाऱ्यावर टाका, असा त्यांचा आग्रह आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हातील फेरी करार न होताच संपली. मोठ्या देशांना अजून ‘बाहेर’ शिल्लक आहे. त्यांना घाई नाही.

तर बेटांच्या या उलाढालीतून माझ्यापुरता निष्कर्ष असा. लोक कचऱ्याच्या कामात मनापासून उतरतात, पण तीन गोष्टी जागेवर असतील तेव्हा. त्यांनी केलेल्या कामाचे काही त्यांच्याकडे परत यावे. पैसे येवोत, केळी येवोत वा गावातला मान येवो. दुसरे म्हणजे नियम करताना आणि मोडणाऱ्याला अडवताना त्यांचा शब्द चालावा. आणि तिसरे, त्यांच्या हाताबाहेरचा भाग, म्हणजे बंदर, जहाज आणि कारखाना, ज्याच्या हातात आहे त्याने उचलावा. तीनपैकी एकही नसेल आणि तरीही कुणी आपल्याकडे सहभाग मागत असेल, तर तो आपल्याला फुकट राबायला बोलावतो आहे असे खुशाल समजावे.

तारावातला व्यापारी कंटेनर सोडवताना आधी पाच सेंट मोजतो. माल अजून दुकानात पोचलेला नसतो, डबा अजून कुणी उघडलेला नसतो आणि तरी त्याच्या शेवटच्या प्रवासाचे भाडे भरलेले असते. आपल्या घरात येणाऱ्या किती वस्तूंचे असे भाडे आधी भरलेले असते? पुढच्या खेपेला महापालिकेची किंवा ग्रामपंचायतीची माणसे ‘ओला-सुका वेगळा करा’ म्हणून दारात आली, तर कचरा जरूर वेगळा करावा, आणि त्यांना हा प्रश्नही जरूर विचारावा.